एक माणूस जास्त : कुतच्या वेढ्यावर रचलेल्या एका भयखेळाची हकिगत

चौथ्या शनिवारी मी टेबलावर स्वयंपाकघरातला वजनकाटा ठेवला आणि प्रत्येकाच्या वाटीत जवाचं पीठ मोजून घातलं. ११३ ग्रॅम, म्हणजे चार औंस. आमच्यातल्या दोघींच्या घरी रोज भाकऱ्या होतात. त्यांनी वाटीकडे बघूनच सांगितलं, एक भाकरी होईल, फार तर सव्वा. "सकाळची?" एकीने विचारलं. "दिवसाची," मी म्हणालो. एप्रिल १९१६ च्या उत्तरार्धात मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुत शहरात वेढ्यात अडकलेल्या शिपायाला दिवसाला साधारण एवढंच पीठ मिळत होतं. त्यानंतर बराच वेळ कुणी फाशांना हात लावला नाही.

खऱ्या इतिहासातून युद्धातला भयखेळ, म्हणजे टेबलाभोवती पात्रं होऊन फाशांनी खेळायची भयकथा, कसा उभा करायचा, असं नव्याने जीएम (गेम मास्टर, खेळाची गोष्ट चालवणारा) होणारी मंडळी विचारतात. त्यावर चार सल्ले देण्यापेक्षा हा एकच खेळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगतो. त्यात काय सुचलं, काय टाकून दिलं आणि कुठे माझी चूक झाली, सगळंच.

आम्ही पुण्यातले सहाजण, मी धरून. बरीच वर्षं युरोपातलेच खंदक खेळत होतो: धुकं, विषारी वायू, नाझींची तळघरं, त्यात काहीतरी हलणारं. खेळ वाईट नव्हते, पण सगळं उसनं वाटायचं. आमच्यापैकी कुणाच्याच घरात त्या खंदकांची आठवण नव्हती. मग एकदा पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाबद्दल वाचताना वेढ्यात सापडलेल्या फौजेचं नाव पुन्हा नीट पाहिलं: सहावी पूना डिव्हिजन. आपल्या शहराच्या नावाची फौज तैग्रिसच्या एका वळणात १४७ दिवस उपाशी बसली होती आणि मी पुण्यात बसून बेल्जियमचा चिखल रंगवत होतो.

घडलं ते थोडक्यात असं. ही इंग्रजांची हिंदी फौज, समोर तुर्क. नोव्हेंबर १९१४ मध्ये डिव्हिजनची पहिली ब्रिगेड इराणी आखाताच्या टोकाशी फाओला उतरली आणि त्याच महिन्यात बसरा पडलं. एप्रिल १९१५ मध्ये मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड डिव्हिजनचा प्रमुख झाला. जूनमध्ये अमारा, सप्टेंबरच्या अखेरीस कुत. विजय इतके सोपे मिळत गेले की रसद, बोटी, इस्पितळं मागे राहिली तरी फौज पुढे ढकलली गेली, थेट बगदादच्या रोखाने. नोव्हेंबरमध्ये टेसिफोनला लढाई झाली आणि तिथे ४,००० हून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. माघार घेत फौज ३ डिसेंबरला कुतला पोचली, चार दिवसांत वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. सुमारे १३,००० माणसं कैद झाली, त्यांत ३,००० हून अधिक फॉलोअर. फॉलोअर म्हणजे भिस्ती, स्वयंपाकी, झाडूवाले, जनावरांमागचे लोक. हे शेवटचं लक्षात ठेवा, खेळ त्याच्यावरच उभा राहिला.

आणि मराठी माणूस? १०३ वी आणि ११० वी मराठा लाईट इन्फंट्री, ११७ वी मराठा, अशा तीन पलटणी त्या वेढ्यात होत्या. कोकण आणि देशावरचे मराठे, शिवाय त्याच पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या.

माझा पहिला आराखडा मी आता कुणाला दाखवणार नाही, पण सांगायला हवा. त्यात नदीत काहीतरी होतं. बाबिलोनच्या काळापासून तैग्रिसच्या तळाशी झोपलेलं, तोफांच्या आवाजाने जागं झालेलं. कुतच्या सुटकेसाठी येणारी प्रत्येक तुकडी तेच गिळत होतं. २४ एप्रिलच्या रात्री २७० टन अन्न घेऊन 'जुलनार' नावाची आगबोट तुर्कांच्या गोळीबारातून कुतकडे निघाली होती. ती मकासिसपाशी नदीत आडव्या टाकलेल्या तारदोरात अडकली. माझ्या आराखड्यात तो तारदोर नव्हता, सोंड होती. मला ते फार भारी वाटलं होतं.

मी तो आमच्यातल्या एका मैत्रिणीला वाचायला दिला. तिचे वडील सैन्यातून निवृत्त झालेत. तिने वाचून एवढंच विचारलं, "म्हणजे टाउनशेंड सुटला का रे?"

तिचं बरोबर होतं. कुतच्या वेढ्यातलं सगळ्यात भयंकर एका तारेत, म्हणजे पाठवलेल्या संदेशात, आहे. वेढा पडल्यावर टाउनशेंडने कळवलं, गोऱ्यांना महिन्याभराचं अन्न आहे, हिंदी शिपायांना दोन महिन्यांचं. हे ऐकून जनरल एलमरने अर्धवट तयारीनिशी, तोफा आणि डॉक्टर मागे ठेवून घाईने सुटकेची मोहीम काढली. जानेवारीत शेख साद, वादी आणि हन्ना इथल्या चिखलात माणसं ढिगाने पडली. मग जानेवारीच्या अखेरीस कुतमध्ये घराघरांची झडती झाली, घोडे-खेचरं मोजली गेली आणि नवी तार गेली की अन्न ८४ दिवस पुरेल. म्हणजे ती सगळी घाई एका न केलेल्या मोजणीपायी. तोवर वेढ्यात राशनलाही कात्री लागलेली नव्हती. एप्रिल संपेपर्यंत कुतच्या सुटकेसाठी आलेल्या फौजेतली सुमारे २३,००० माणसं मेली किंवा जखमी झाली. आतल्या माणसांपेक्षा बाहेरची जास्त.

यात नदीचा राक्षस घातला की हे सगळं पुसलं जातं. मोजणी न करणारा जनरल, बोटी न पाठवणारं सरकार, सगळे निर्दोष, कारण दोष सोंडेचा. खऱ्या मेलेल्या माणसांवर दुसऱ्यांदा अन्याय करण्याची याहून सोपी रीत नाही. तेव्हापासून एक नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. जिथे माणसाने निर्णय घेतला आणि त्याची नोंद आहे, तिथे भूत ठेवायचं नाही. भुताला जागा फक्त तिथे, जिथे नोंदच गप्प बसलीय.

बाबिलोनचा शापही त्याच वेळी गेला. तोफखान्याच्या आवाजाने जागा होणारा पूर्वेचा प्राचीन राक्षस म्हणजे आयतं सामान. कुतमध्ये त्या वेळी जवळपास ६,००० अरब रहिवासी होते आणि त्यांच्यासाठी ते कुठलं गूढ प्राचीन ठिकाण नव्हतं. ते त्यांचं गाव होतं.

मग नोंद गप्प कुठे आहे? यावर मी दोन महिने अडलो. कुतबद्दल कागद भरपूर आहेत. अधिकाऱ्यांच्या डायऱ्या आहेत, १९१७ चा मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल आहे, आणि त्यापायी भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पद सोडावं लागलं. टेसिफोनहून जखमींना घेऊन बसऱ्याला आलेल्या 'मेजिदिया' बोटीचं वर्णनही आहे. मेजर कार्टर या डॉक्टरला ती दुरून दिसली तेव्हा वाटलं, बोटीच्या कडांवरून दोर लोंबतायत. जवळ आल्यावर कळलं, ती वाळलेली विष्ठा होती. आतड्याच्या आजाराने आणि जखमांनी हलता न येणारी माणसं दिवसचे दिवस डेकवर तशीच पडून होती. कार्टरने हे लिहून कळवलं, तर वरिष्ठांनी त्यालाच दम भरला. असल्या प्रसंगात आपल्या कल्पनाशक्तीची काहीच गरज नसते. पहिल्या सेशनला मी त्याचं दोन ओळींत वर्णन वाचलं आणि पुढे गेलो. त्याच्यावर फासे टाकायला लावले नाहीत, कारण ते बघून कुणाचं मन ढळलं की नाही हे फाशाने ठरवणं मला पटलं नाही.

गप्प जागा सापडली ती सातारा जिल्ह्यातल्या एका रस्त्यावर. आपल्याकडच्या बऱ्याच गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा वेशीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा इंग्रजी मजकूर. अपशिंग्याची माहिती बहुतेकांना असते: गावातले कितीतरी जण त्या युद्धावर गेले. मी ज्या पाटीपुढे उभा होतो ती लहान गावाची होती, आकडाही लहान. पण पाटीवर एकही नाव नव्हतं. गेले इतके, मेले इतके. संपलं.

बसऱ्याच्या स्मारकाचंही तेच. तिथे ४०,००० हून जास्त माणसांचं स्मरण आहे. गोऱ्या शिपायांची नावं कोरलेली आहेत, अधिकाऱ्यांची आहेत, साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीगणिक नुसती संख्या. पाटीपाशी उभा राहून मी मनात सरळ वजाबाकी केली, गेलेल्यांतून मेलेले वजा, आणि माझी मलाच लाज वाटली. ही माणसं गेली शंभर वर्षं वजाबाकीत अडकून पडली आहेत.

खेळ तिथे सुचला. वजाबाकी होऊ न देणारी एक तुकडी.

जागा ठरवायला वेळ लागला नाही. कुत शहर नदीच्या वळणात, तिन्ही बाजूंनी पाणी. पण समोरच्या उजव्या तीरावर, मुख्य फौजेपासून तुटलेलं एक छोटं ठाणं होतं, लोकर दाबायच्या कारखान्यावरून त्याला वूलप्रेस व्हिलेज म्हणत. ते ११० व्या मराठा आणि १२० व्या पलटणीच्या ताब्यात होतं. मागे नदी, पुढे शत्रू, वसंतात पूर. भयखेळासाठी याहून नेमकी जागा मी कल्पनेने रचू शकलो नसतो. (हीच ११० वी पुढे नाव बदलत बदलत पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली आणि डिसेंबर १९७१ मध्ये टांगाइलला आकाशातून उतरली. याचा खेळाशी संबंध नाही, पण हे कळल्यावर आमच्यातला एकजण खुर्चीतून उठून उभा राहिला होता, म्हणून लिहितो.)

युक्ती एवढीच होती. वूलप्रेसला चौदा जणांची एक तुकडी. चार खेळाडूंचे शिपाई, दहा माझे. संध्याकाळी गिनती होते, प्रत्येकजण आपला आकडा ओरडतो. आकडा शहरात कळवला जातो आणि त्या हिशेबाने रात्रीच्या बोटीने राशन येतं. मी टेबलावर खरोखर गिनती घ्यायला लावली. हवालदार झालेली मैत्रीण रजिस्टर धरून उभी, बाकीचे आकडे बोलतायत, माझ्या दहा जणांचे आकडे मी बोलतोय. पहिल्या संध्याकाळी आकडा पंधरावर गेला. सगळ्यांना वाटलं मी चुकलो. पुन्हा घेतली. पंधरा. रजिस्टरमध्ये नावं चौदा, सगळे चेहरे ओळखीचे, अनोळखी कुणीच नाही, आणि तरीही पंधरा.

आता हवालदाराने काय कळवायचं? चौदा कळवलं तर खरं. पंधरा कळवलं तर एका माणसाचं जास्त पीठ. डिसेंबरमध्ये ते हसण्यावारी गेलं आणि तिने पंधरा कळवलं. फेब्रुवारीत माझ्या दहांतला एकजण आमांशाने गेला. त्या संध्याकाळी गिनती घेतली. पंधरा.

त्यानंतर मी काही समजावून सांगितलं नाही. मार्चमध्ये तिघे गेले, आकडा पंधरा. तो पंधरावा कुणाला मारत नाही, हा माझा पक्का नियम होता. माणसं स्कर्व्हीने, आमांशाने, नदीपलीकडून येणाऱ्या गोळीने मरत होती, म्हणजे ज्या कारणांनी खरी माणसं मेली त्याच कारणांनी. भूत फक्त एक करत होतं: कुणाला वजा होऊ देत नव्हतं. आणि त्याच्यामुळे जिवंत राहिलेले मेलेल्यांच्या वाट्याचं पीठ खात होते. चौथ्या शनिवारच्या त्या वाट्यांच्या वेळी टेबलावरच्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं की आपल्या समोरच्या एका भाकरीशेजारी दुसरी भाकरी आहे, आणि ती कुणाची आहे.

पाचवा खेळाडू या गिनतीत का नव्हता, ते सांगतो. त्याला महार बंदूकवाला शिपाई खेळायचा होता. सेशन झीरोला, म्हणजे खेळाआधीच्या ठरवाठरवीच्या बैठकीत, मला त्याला सांगावं लागलं की १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद केली गेली होती आणि १११ वी महार पलटण उभी राहिली ती १९१७ मध्ये, कुत पडल्यानंतर. मला वाटलं तो चिडेल. तो म्हणाला, "मग मी त्या वेढ्यात कुठे असेन?" फॉलोअरांमध्ये. त्याने तेच घेतलं. फॉलोअर लढाऊ माणसांच्या रजिस्टरमध्ये नसतो, त्याची यादी वेगळी, राशन वेगळं. तेव्हा गिनतीच्या वेळी तो टेबलापासून दोन पावलं लांब उभा राहायचा.

पहिल्यांदा पंधरा आकडा आला तेव्हा हवालदाराने वळून त्यालाच झापलं, "रांगेत कशाला घुसलास?" तो म्हणाला, "मी नाही. मी इथे आहे." हा संवाद मी लिहिलेला नव्हता. तो त्यांच्या तोंडून आला. आणि रांगेबाहेर असल्यामुळे रांगेचं दुसरं टोक फक्त त्यालाच दिसत होतं. मी त्याला चिठ्ठी दिली: टोकाशी कुणीतरी उभं आहे, त्याची पाठ तुझ्याकडे आहे. तीन शनिवार त्याने ती चिठ्ठी कुणाला दाखवली नाही. नंतर विचारलं तर म्हणाला, मला कुणी विचारलंच नाही.

घोड्याच्या मांसाचा प्रसंग मी सगळ्यात जास्त घाबरत रचला. खऱ्या कुतमध्ये हिंदी शिपायांनी महिनोन्महिने घोड्याचं मांस नाकारलं. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची संमती बिनतारी यंत्राने मागवली गेली, तरी बऱ्याच जणांनी खाल्लं नाही, कारण संमती देणारे आपल्या गावातल्या पंक्तीत बसणारे नव्हते. बहुतेकांनी खायला सुरुवात केली ती एप्रिल अर्धा उलटत आल्यावर, टाउनशेंडने वरून दबाव आणल्यावर. डॉक्टरांच्या नोंदीत याचा परिणाम स्पष्ट दिसतो. ताजं मांस न मिळालेल्या हिंदी शिपायांना स्कर्व्हीने घेरलं. गोऱ्यांना मांस होतं, पण पांढऱ्या पिठाच्या पावामुळे त्यांच्यात बेरीबेरी आली, आणि जवाचा कोंडासकट आटा खावा लागल्यावर ती हटली. एकाच वेढ्यात दोन पंगती, दोन वेगळे आजार.

बाहेरच्या कितीतरी लिखाणात या नकाराला हट्ट किंवा अंधश्रद्धा म्हटलंय. मला तो प्रसंग तसा खेळायचा नव्हता. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येकाला लिहायला सांगितलं होतं की घरून निघताना शेवटचं कोण काय बोललं. ते कागद मी जपून ठेवले आणि तिसऱ्या शनिवारी, मांसाचा निर्णय घ्यायच्या आधी, ज्याचे त्याला परत दिले. मग गुप्त चिठ्ठ्या. चौघांत दोघांनी खाल्लं, दोघांनी नाही. दख्खनी मुसलमान लान्स नाईक खेळणाऱ्याने आपल्या चिठ्ठीवर लिहिलं, "खाईन, पण यांच्यासमोर नाही." कोण खाणारा, कोण न खाणारा, यावर कुणीच कुणाला बोल लावला नाही. फाशांची गरज इथेही लागली नाही.

आता माझी चूक. दुसऱ्या शनिवारी जानेवारीतली धान्याची झडती होती. आमच्या तुकडीतले दोघे बोटीने पलीकडे नेले जातात, घराघरांत पुरलेलं धान्य शोधायचं असतं. मला त्यातून पुरवठ्याचा ताण दाखवायचा होता. प्रत्यक्षात टेबलावर जे सुरू झालं ती लूट होती, आणि मजेची लूट. फरशी उकरण्यासाठी फासे, दार मोडण्यासाठी फासे, एक म्हातारी आडवी आली तर तिला बाजूला सारण्यासाठी फासे. सगळे हसत होते. चांगले फासे पडले की टाळ्या. मी तीन घरं होऊ दिली आणि मग एक्स-कार्डला, म्हणजे नकोसा प्रसंग तिथेच थांबवायच्या कार्डाला, स्वतःच हात लावला. जीएमने कार्ड वापरलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, खोली एकदम शांत झाली.

चूक त्यांची नव्हती. माझ्या कागदावर त्या तीन घरांना नाव नव्हतं. "अरब घर १, २, ३", असं मी लिहिलं होतं. म्हणजे मी स्वतःच ती पाटी कोरली होती, वूलप्रेसच्या चौदा जणांना पूर्ण नाव, गाव, घरचा निरोप, आणि ज्यांच्या ताटातलं धान्य जातंय त्यांना आकडा. शरणागतीनंतर तुर्कांनी इंग्रजांना मदत केल्याच्या ठपक्यावरून कुतमधल्या काही रहिवाशांना फाशीही दिलं. दोन्ही सैन्यांनी त्या गावाला भरडलं आणि माझ्या खेळात ते गाव नुसती सजावट होतं.

त्या रात्री मी तो प्रसंग रद्द केला आणि पुढच्या शनिवारी पुन्हा खेळलो. नियम एकच बदलला: ज्याच्या घरातून धान्य नेणार, त्याचं नाव आधी त्याला विचारायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. खेळाडूंनी विचारलं, मी सांगितलं, त्यांनी लिहिलं. या वेळी त्यांनी दोनच घरांतून धान्य घेतलं आणि दुसऱ्या घरात निम्मं ठेवलं. फासा एकदाही पडला नाही. प्रसंग आधीपेक्षा दुप्पट वेळ चालला आणि कुणी हसलं नाही. हा बदल मला आधी सुचायला हवा होता.

टाउनशेंडच्या सुटकेसाठी लाच देण्याचा प्रयत्न झाला, त्यात टी. ई. लॉरेन्सही (लॉरेन्स ऑफ अरेबिया) होता, आधी दहा लाख पौंड आणि मग वीस लाख, आणि तुर्की सेनापती खलील पाशाने ते धुडकावले. प्लॉट म्हणून हे झगमगीत आहे. मी वापरलं नाही. त्यामुळे गोष्ट पुन्हा अधिकाऱ्यांच्या तंबूत गेली असती.

शेवटचा शनिवार पिठाच्या वाट्यांनी सुरू झाला. वूलप्रेसचे खंदक पुराच्या पाण्याने भरलेले, दहांतले माझे चार उरलेले, चौघा खेळाडूंपैकी एक आजारी. वरून विमानं पिठाची पोती टाकत होती, त्यांतली काही नदीत तर काही तुर्कांच्या बाजूला पडत होती. या विमानांनी आधी जात्याचे दगडसुद्धा टाकले होते, कारण जव होता पण तो दळायचा कसा हा प्रश्न होता. आकाशातून जातं पडतं हे ऐकल्यावर भाकरीवाल्या दोघींपैकी एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी यासाठी काही केलं नव्हतं, फक्त सांगितलं होतं.

२४ एप्रिलची रात्र मी दिवे मालवून खेळलो. जुलनार येतेय हे सगळ्यांना ठाऊक. मी फक्त आवाज सांगत गेलो: लांबून गोळीबार, जवळ येणारा, आणखी जवळ, मग एका जागी थांबलेला. मग शांतता. कुणी विचारलं, "थांबला म्हणजे?" मी उत्तर दिलं नाही. बोटीवरच्या फर्मन आणि काउली या दोघांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण वूलप्रेसच्या माणसांना त्या रात्री एवढंच कळलं असणार की आवाज थांबला आणि बोट आली नाही. सोंडेपेक्षा ही शांतता किती मोठी होती, ते मला टेबलावर बसल्यावर समजलं.

शरणागतीनंतरचं मी खेळायला घेतलं नाही, हे आधीच ठरलं होतं. उपाशी माणसांना शुमरानच्या छावणीत कडक बिस्किटं मिळाली आणि ती खाऊन कितीजण मेले, मग बगदाद, मग समारा, मग वाळवंटातून चालत रास-अल-ऐन. तिथे हिंदी कैद्यांना रेल्वेच्या कामाला जुंपलं. त्याच वाटेवर, त्याच काळात आर्मेनियन लोकांचा संहार चालला होता आणि आपल्या शिपायांनी तो डोळ्यांनी पाहिला. त्यावर शनिवारी संध्याकाळी चहा पीत फासे टाकायचे नाहीत, असं आमचं सगळ्यांचं मत पडलं. सेशन झीरोलाच मी सांगितलं होतं: खेळ २९ एप्रिलच्या शेवटच्या गिनतीला संपेल.

ती गिनती अशी झाली. तोफा फोडल्या गेल्या आहेत, बिनतारी यंत्र मोडलं आहे. हवालदार रजिस्टर घेऊन उभी. रांगेत तीन खेळाडू आणि माझे चार. आठवी ती स्वतः. आकडे सुरू झाले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ. आणि मग मी बोलायचं बंद केलं. हे मी आधी ठरवलं होतं. नऊ कोण म्हणतं ते बघायचं होतं. खोलीत पंख्याचा आवाज. मग आजारी शिपाई खेळणाऱ्या मुलीने, फेब्रुवारीत गेलेल्या माझ्या माणसाचं नाव घेतलं आणि म्हणाली, "नऊ." पुढच्याने मार्चमधल्याचं नाव घेतलं, "दहा." चौदापर्यंत ते नावं घेत गेले, रजिस्टर न बघता. चौदा जणांची नावं त्यांना पाठ झाली होती.

उरला पंधरावा. त्याचं नाव काय लिहायचं यावर अर्धा तास वाद झाला. एकाला तो गावच्या पाटीवरचा कुणीतरी वाटत होता. हवालदाराला वाटत होतं की रांगेबाहेरचा फॉलोअर हाच सुरुवातीपासून पंधरावा होता, आपणच त्याला मोजत नव्हतो. ऐकायला हे छान वाटलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

मग फॉलोअर खेळणाऱ्याने खिशातून माझी पहिल्या शनिवारची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. सगळ्यांनी वाचली. तो म्हणाला, "टोकाला उभा होता तो वेगळा आहे. त्याची जागा मला देऊ नका, आणि माझी त्याला. त्याची ओळ रिकामी ठेवा. मला सोळावा लिहा."

हवालदाराने पंधरावी ओळ मोकळी सोडली आणि सोळाव्या ओळीवर त्याचं नाव, गाव, घरचा निरोप असं सगळं लिहिलं. ते रजिस्टर माझ्याकडे आहे. पुढच्या महिन्यात दुसऱ्या गटाबरोबर हाच खेळ घेतोय, तेव्हा त्यांच्या हातात नवं रजिस्टर न देता हेच देणार आहे, चौदा, मोकळी ओळ आणि सोळा, आणि त्याच्या खाली त्यांची गिनती.